अंदाजाने उघडलेलं पान

नागपूरला संगणकाचं शिक्षण संपवून मी बालाघाटला परतले, तेव्हा समाजाच्या मंडळाने लग्नं जुळवण्याची वेबसाइट माझ्याकडे सोपवली. ती माझ्याआधी कुणीतरी बनवलेली होती. प्रत्येक मुलामुलीचं फोटो आणि घरचा फोन नंबर असलेलं एक पान असे आणि त्याचा पत्ता, म्हणजे लिंक, फक्त निवडक घरांना ईमेलने जाई.

एका दुपारी परसवाड्याचे एक शिक्षक मुलीला घेऊन माझ्या खोलीवजा ऑफिसात आले. मलाजखंडहून कुणा अनोळखी तरुणाने घरी फोन करून मुलीच्या फोटोचा विषय काढला होता.

"हिनंच पत्ता देल्ला असन," वडील म्हणाले. "नाहीतर त्याले कसा भेटला?"

"म्या कोणालेच नाही देल्ला," मुलगी म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता. "घरात कोणी माझ्याशी बोलूनच नाही राह्यलं."

मी तिच्या पानाचा पत्ता पाहिला. शेवटी लांबलचक आकडा होता. निरखल्यावर कळलं, ती नोंदणीची वेळच होती, सेकंदांत मोजलेली. मी शेवटचे अंक बदलत गेले. थोड्या वेळाने दुसऱ्याच एका मुलीचा फोटो समोर आला. मी तो घाईने बंद केला.

"पाह्यलं ना काका? या पोरीचा पत्ता मले कोणी देल्ला होता?"

ते पडद्याजवळ वाकले. मग मला म्हणाले, "म्हणजे पोरीले उगीच बोललो."

"बाबा, हे मले सांगा ना," मुलगी म्हणाली.

ते तिच्याकडे वळले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो राहू दिला. मान मात्र वर केली नाही.

मी लगेच साइट बंद केली. कॉलेजात 'रँडम', म्हणजे कसलाच क्रम नसलेले अंक, हा परीक्षेपुरता धडा होता. त्याच्यामागे कुणाची झाकली मूठ असेल, असं कधी वाटलं नव्हतं. सर्व्हरच्या आतल्या बारीकसारीक हालचालींतून कुणालाच ओळखता येणार नाहीत असे अंक तयार होत असतात. त्यांतून अक्षरं आणि आकडे काढून मी प्रत्येक पानाला नवा, लांब पत्ता दिला. एका पत्त्यावरून दुसरा काढता येतो का, हे पुन्हा पुन्हा करून पाहिलं. येत नव्हता.

नवा पत्ता सांगायला मी त्या मुलीला फोन केला.

"माझं पान बंदच राहू द्या ताई. मी म्हणन तवाच उघडा."

मागून वडिलांचा आवाज आला, "हौ, तिच्याच मनानं होऊ द्या."

पुढच्या उन्हाळ्यात तिने ते उघडायला सांगितलं. सोबत नवा फोटो पाठवला होता, तिने स्वतः निवडलेला.