पुरवणीकाकूंच्या बावीस युक्त्या

माझ्या थोरल्या जाऊबाईंना सगळी वसाहत ‘पुरवणीकाकू’ म्हणायची. नाव पाडलं पोरांनी. परीक्षेत पेपर भरला की पुरवणी जोडतात, तसं या बाईच्या घरात कुठलीही वस्तू संपली असं होतच नसे. तिला कुठून तरी जोड दिलेली असायची. जाऊबाईंना हे नाव ठाऊक होतं. “पुरवणी तर पुरवणी,” त्या म्हणायच्या, “कोरी तर नाही ना?”

वसाहत काचेच्या बाटल्यांच्या कारखान्याची. दोन-दोन खोल्यांच्या घरांच्या सहा रांगा. मोठे भावजी भट्टीवर, माझा नवरा पॅकिंगला. सख्खे भाऊ, घरंही शेजारी, मधे एक वीतभर भिंत. त्यांच्याकडे चमचा पडला तरी मला ऐकू यायचा. त्यामुळे त्या घरातलं मला सगळं माहीत आहे, अशी माझी समजूत होती.

लग्न होऊन आले तेव्हा मला धड बटाटा सोलता येत नव्हता. सोलला की अर्धा बटाटा सालीबरोबर जायचा. जाऊबाईंनी ती साल उचलून उजेडात धरली आणि म्हणाल्या, “अगं, ही साल आहे की दुसरा बटाटा?” त्या दिवसापासून मी त्यांची शिष्या. साबणाचे झिजलेले तुकडे जुन्या पायमोज्यात भरून नळाला बांधायचे, शेवटच्या फेसापर्यंत कामी येतात. चादर मधे विरली की उभी फाडायची, कडा मधे आणून शिवायच्या. आणखी तीन वर्षं निघते. सदऱ्याची कॉलर उसवून उलटी लावायची. भाताला चांगली उकळी आली की गॅस बंद, पातेलं जुन्या रजईत गुंडाळून खोक्यात ठेवायचं. बाजारात भुकेल्या पोटी जायचं नाही आणि जायचं ते बाजार उठताना. टूथपेस्टची नळी संपली की कात्रीनं उभी कापायची. “आत आणखी चार दिवस असतात,” त्या बोटं दाखवून सांगायच्या, “चार!”

माझा नवरा चिडवायचा, “वहिनी, दात कोरून पोट भरत नाही.”

“नाही भरत. पण दात तरी स्वच्छ राहतात, भावजी.”

तोंडावर हात ठेवून हसायच्या त्या. डाव्या बाजूच्या तीन दाढा गेलेल्या होत्या, त्या दिसू नयेत म्हणून. दाढ भरून घ्यायला तीन-चार खेपा पडतात, उपटायला एकच, हा त्यांचा हिशेब. तेव्हा तोही आम्हाला विनोदच वाटायचा.

त्यांच्या घरात पाच माणसं. थोरली मुलगी आणि तिच्या पाठचे दोन मुलगे. पोरांचे कपडे ठिगळांचे, पण ठिगळ शोधावं लागायचं. भावजींचा डबा कधी रिकामा गेला नाही. म्हणून नवी सून आली की सासू तिला आधी पुरवणीकाकूंकडे धाडायची. बाई फुकट शिकवायच्या, वर चहाही द्यायच्या. पातळ, पण द्यायच्या.

त्या वर्षी कारखान्यात पगारवाढ होऊन तीन वर्षं उलटली होती. युनियननं मागण्यांचा कागद वर पाठवला होता आणि वरून काही उत्तर येत नव्हतं. अशात एका दुपारी कारखान्याच्या कल्याण अधिकारी बाई आमच्या रांगेत आल्या. तरुण, गोड बोलणाऱ्या, स्वच्छ बुटांच्या. त्यांनी माझंच दार वाजवलं.

“काटकसरीनं संसार करणाऱ्या एक बाई इथं राहतात म्हणे?”

मीच त्यांना हाताला धरून शेजारी नेलं. हे सांगायला मला आजही जड जातं. वर कौतुकानं म्हणाले, “ह्याच त्या. आमच्या जाऊबाई.”

अधिकारी बाईंना कामगारांच्या बायकांसाठी एक कार्यक्रम करायचा होता. कॅन्टीनच्या हॉलमध्ये, घरखर्च कसा सांभाळावा यावर. जाऊबाईंनी बोलायचं. आधी त्या नाही-नाही म्हणाल्या. मग चार दिवस भिंतीपलीकडून मला त्यांचा आवाज येत होता, भांडी घासता घासता भाषण पाठ करण्याचा.

कार्यक्रमाला दीडशे बायका होत्या. जाऊबाईंना पुढे खुर्ची, बशीतून कप, शेजारी खुद्द मॅनेजर. पहिली दोन वाक्यं पाठ केल्यासारखी आली, पण एकदा पायमोज्यातल्या साबणावर आल्या आणि सुटल्याच. हॉल हसून हसून लोळला. शेवटी मॅनेजरनं विचारलं, “मग काकू, पगार पुरतो म्हणायचा!”

जाऊबाई पटकन म्हणाल्या, “अहो साहेब, पगार पुरत नाही. पुरवावा लागतो.”

काय टाळ्या पडल्या! मॅनेजरनंही वाजवल्या. फोटो निघाला. घरी येताना त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. “मला वाटायचं, आपण करतो ते घरातल्या घरात. लोक खुर्ची देतात गं त्याला!”

पुढच्या पगाराच्या पाकिटातून एक पुस्तिका आली. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर जाऊबाईंचा फोटो, तोंडावर हात न ठेवता हसलेला. ‘घरखर्चाच्या बावीस युक्त्या.’ फोटोखाली त्यांचं वाक्य, ठळक अक्षरात: ‘पगार पुरवता येतो.’

त्यांनी ते तीनदा वाचलं. “माझं वाक्य असं नव्हतं ना?”

“असू दे हो,” मी म्हणाले. “छापताना होतं थोडं इकडचं तिकडे.”

आठवड्यानं युनियनच्या लोकांना बोलणीसाठी बोलावलं. मागण्यांच्या कागदावर मॅनेजरनं ती पुस्तिका ठेवली. म्हणाला, तुमच्याच वसाहतीतली बाई, तुमच्याच भट्टीवाल्याच्या पगारात पाच माणसं हसत-खेळत पोसते. मग वाढ कशाला हवी? पगार कमी नाही, तुमच्या बायकांना वळण कमी आहे.

युनियनच्या सेक्रेटरीनं हे सगळं संध्याकाळी गेटवर उभं राहून सांगितलं. भावजी पाळी संपवून बाहेर पडत होते. गर्दीनं त्यांना वाट करून दिली. ते घरी आले आणि जेवणाचं ताट सरकवून म्हणाले, “तुला तोंड उघडायला कुणी सांगितलं होतं?”

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात पुस्तिकांचा ढीग. चुरगाळलेल्या, फाडलेल्या, एकीवर तर जाऊबाईंच्या डोळ्यांना पेनानं भोकं पाडलेली. ज्या बायका त्यांच्याकडून कॉलर उलटायला शिकल्या होत्या, त्या नळावर त्यांना पाहून बादल्या उचलून चालू लागल्या. मी काय केलं? आमच्या घरातली पुस्तिका नेऊन त्या ढिगावर टाकली. जाऊबाई दारातच उभ्या होत्या. मी म्हणाले, “जाऊबाई, तुमच्या जिभेनं आमच्या तोंडचा घास गेला.”

त्या वाकून एकेक पुस्तिका उचलू लागल्या. एका बाजूनं कोरी पानं असलेल्या वेगळ्या, बाकीच्या वेगळ्या. सवय. माझा आणखीच संताप झाला.

दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. “माझ्याबरोबर ऑफिसात येशील? माझं वाक्य बदललंय, ते नीट छापा म्हणून सांगायचंय.” मी म्हणाले, मला कामं आहेत. त्या थोरलीला घेऊन गेल्या. तिथं काय झालं ते थोरलीनं मला पुष्कळ नंतर सांगितलं. अधिकारी बाईंनी दोघींना बसवलं, पंखा लावला.

“काकू, अर्थ तर तोच निघतो ना?”

“नाही निघत,” जाऊबाई म्हणाल्या. “पुरत नाही म्हणाले होते मी.”

“आपण सकारात्मक बाजू घेतली इतकंच.” मग त्यांनी कपाटातून एक खोकं काढलं. सहा काचेचे ग्लास, कारखान्याचेच. “कंपनीकडून. तुमचं मानधन म्हणा.”

जाऊबाईंनी खोकं टेबलावरच ठेवलं. आयुष्यात त्यांनी फुकटची वस्तू नाकारली ती तेवढी एकच.

पुढच्या महिन्यात संप झाला. सव्वीस दिवस चालला. आणि ऐका गंमत: त्या सव्वीस दिवसांत वसाहतीतल्या प्रत्येक घरात खोक्यात गुंडाळलेलं पातेलं होतं, प्रत्येक नळाला पायमोजा लटकत होता. जिच्या युक्त्यांवर घरं तगली, तिच्याशी बोलायला मात्र कुणी तयार नव्हतं. भावजी संपात होते, तरी त्यांना गेटवरच्या पिकेटिंगला घेत नसत. “घरी जा,” सेक्रेटरी म्हणायचा, “तुमचं पुरतंय.”

विसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, मैदानावर सभा होती. बायकांनाही बोलावलं होतं. मधेच जाऊबाई उठल्या आणि सरळ माइकजवळ गेल्या. आरडाओरडा झाला. “आता तेविसावी युक्ती ऐका!” कुणीतरी ओरडलं.

“हो,” त्या म्हणाल्या. “तेविसावी राहिलीच होती.”



“पाच माणसांचं भागतं कसं, ते मी त्या दिवशी सांगितलं नाही. लाज वाटली. माझ्या घरात रात्री चारच माणसं जेवतात. मी वाढताना म्हणते, माझं झालं मघाशी. नऊ वर्षं झाली. धाकटा पोटात होता तेव्हा तेवढी जेवत होते. साबणानं काही वाचत नाही, बायांनो. साबणाचे चार पैसे. वाचतं ते इथून.” आणि त्यांनी पोटावर हात ठेवला.

मी समोर बसले होते. वीतभर भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं ना! रोज रात्री ‘तू बस, माझं झालं’ हे मी कानांनी ऐकलं होतं. नऊ वर्षं.

थोरली माझ्या बाजूला होती. सोळा वर्षांची. “काकू,” ती पुटपुटली, “मी दुसऱ्यांदा भाजी मागून घेते.”

टाळ्या पडल्या नाहीत. एक-दोघी रडल्या. सेक्रेटरीनं माइक घेतला आणि हे आपल्या लढ्याला बळ देणारं आहे वगैरे बोलला. मागे बसलेले भावजी केव्हाच उठून गेले होते. घरी ते एवढंच म्हणाले, “चारचौघांत माझी लायकी काढलीस. मी बायकोला उपाशी ठेवतो, असं झालं.” त्यानंतर पाच महिने ते जाऊबाईंशी बोलले नाहीत. जेवायला बसायचे, ताटाकडे बघायचे, निम्मं टाकायचे. टाकलेलं अन्न जाऊबाईंना बघवायचं नाही. त्या ते सकाळी खायच्या.

सव्विसाव्या दिवशी संप मोडला. वाढ मिळाली ती नावापुरती, आणि संपाच्या दिवसांचा पगार कापला गेला. पुस्तिका बंद झाली नाही. नव्या कामगाराला गणवेशाबरोबर द्यायचे, माझा नवरा निवृत्त झाला तोवर तरी देत होते.

बायका हळूहळू बोलू लागल्या. कुणी माफी मागितली नाही. मीही नाही. एकदा वाटी भरून कालवण घेऊन गेले, तर त्यांनी नेहमीसारखी वाटी धुऊन परत दिली आणि म्हणाल्या, “मीठ जरा कमी टाकत जा, तेवढंच वाचतं.” मग पटकन जीभ चावून आत वळल्या. तो त्यांनी दिलेला शेवटचा सल्ला. पुढं कुणी नवी सून काही विचारायला आली की सांगायच्या, “मला नाही माहीत गं. विकत आण.”

थोरलीनं कॉलेजचं नाव काढलं नाही. टायपिंग शिकली, दुसऱ्या गावी नोकरी धरली आणि पहिल्या पगारापासून घरी पैसे पाठवू लागली. सुट्टीत आली की आईला समोर बसवून स्वतः वाढायची. एका खेपेला मी तिथं होते. ताटात सगळं होतं. जाऊबाईंनी दोन घास घेतले आणि हात थांबला.

“खा ना, आई.”

“खाते.”

“अजून घास गिळला नाहीस तू.”

जाऊबाई अपराध्यासारख्या तिच्याकडे बघत होत्या. “रात्रीचं जात नाही गं मला आता. पोटच विसरलंय. रागावू नकोस.”

थोरली रागावली नाही. तिनं ताट आपल्याकडे ओढलं आणि आईचं उष्टं, खाली मान घालून, शेवटच्या शितापर्यंत संपवलं. त्या घरात अन्न टाकायचं नसतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.