खालच्या टाकीतला गाळ

आधीच सांगते, मासे माझे नव्हते. मासे आमच्या ह्यायचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे. सिलतऱ्याच्या एका प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन माणूस, दिवसभर काळी धूळ खाऊन घरी यायचा अन् हातपाय धुतल्याबरोबर टाकीसमोर बसायचा. तात्यापाऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत पाय पसरायले जागा नाही, अन् त्यात ही चार फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी! निळ्या ड्रममध्ये मीठ घोळून हे पाणी बनवत बसायचे. मी म्हणायची, "रायपुरात समुद्र काहून बनवून राहिले? सरळ पुरीले घेऊन चला ना." दोनदा तिकिटं काढली, दोनदा शिफ्टपायी रद्द केली. समुद्र न पाहताच गेले. सकाळी चहा पिता पिता छातीत दुखलं, अन् दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

मोठ्या टाकीखालच्या कपाटात दुसरी लहान टाकी असते, तिले सम्प म्हणतात. वरचं पाणी पाइपानं खाली येते, कापडी मोज्यातून गाळून तीन खणांत फिरते अन् पंपानं पुन्हा वर जाते. माशांची घाण, उरलेलं खाणं, सारं खालीच येऊन बसते. ह्यायचा नेम ठरलेला होता. दर रविवारी पोट्टीनं, म्हणजे आमच्या लेकीनं, मोजा धुवायचा. हे नुसता घसा खाकरत, की आतून तिचा आवाज, "हव पापा, धो रही हूँ." आमची पोट्टी मराठी सारं समजते, उत्तर हिंदीतच देते. अन् महिन्यातून एकदा हे स्वतः पंप बंद करून नळीनं एका खणातला गाळ ओढून काढत. एकाच खणातला. "सगळा एकदम उचकटला तर मासे मरतील," म्हणत. मी त्या कपाटाले कधी हातही लावला नव्हता.

आमच्या घरी राख नदीत सोडत नाहीत. अभनपुरजवळ दिराच्या प्लॉटवर खड्डा केला, राख मातीत मिसळली, वर पिंपळाचं रोप लावलं. सारे डोळे पुसत होते तेव्हा मी एक चिमूट रुमालाच्या गाठीत बांधून घेतली. घरी आली, पोट्टी आंघोळीले गेली, अन् मी ती चिमूट टाकीत सोडली. म्हटलं, जा बाबा, घे तुझा समुद्र. राख क्षणभर वर तरंगली, मग दगडांवरून सरकत दिसेनाशी झाली.

कोणाले सांगितलं नाही. सांगणार काय, कपाळ? श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, अशी प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली मी. शाळेत पोरांना विज्ञान शिकवते. भूतबित कोणी म्हटलं तर मीच आधी खेकसते.

दोन-तीन आठवड्यांनी मिठाचं पाणी भरायले कपाट उघडलं, तर सम्पच्या तळाशी राखाडी साय धरलेली. म्हटलं, हे आले.

मग रोज दुपारी शाळेतून आली की मी कपाट उघडून खाली फरशीवर बसू लागली. गाळ हलायचा, सरकायचा, पुन्हा बसायचा. पाइपातून मधूनच गुळगुळ आवाज यायचा. शप्पथ सांगते, थेट ह्यायच्या घसा खाकरण्यासारखा. मी बोलायची. गॅस संपला, पोट्टीचा निकाल लागला, तुमची सायकल विकली नाही. गाळ वाढून राहिला होता अन् मले बरं वाटायचं, हे थोडे थोडे परत येऊन राहिले असं वाटायचं. भीतीही वाटायची. कधी पाठीवर कोणी नजर लावल्यासारखं व्हायचं, पण वळून पाहायची हिंमत नव्हती. साफ करायचं नाव कोणी काढलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

टाकीत नारिंगी-पांढऱ्या माशांची एकच जोडी उरली होती, ह्यायच्या बोटातून दाणा घेणारी. चौथ्या महिन्यात त्यातला एक मेला. दुकानातला भैया पाणी तपासायले आला. "भाभी, नीचे गाद जम गई है. निकालो, नहीं तो दूसरा भी जाएगा." मी त्याले म्हटलं, तुमचं काम झालं, निघा. बिचारा चहाही न घेता गेला.

त्या रविवारी दुसरा मासा कोपऱ्यात उभा राहून धापा टाकून राहिला होता. पोट्टी नळी अन् बादली घेऊन कपाटापाशी आली. मी आडवी आली. "हात लावशील तर पाहून घे!"

"मम्मी, वो मर जाएगी."

"मरू दे!" मी ओरडली. "तुले काय माहीत त्यात काय आहे ते!"

पोट्टीनं बादली खाली ठेवली. "उसमें पापा नहीं हैं, मम्मी."

मी कपाटाचं दार धरून ठेवलं.

"पहले ही रविवार को मोजे में आ गए थे. कुछ भूरा-सा था, और चावल की कनकी जितना एक सफेद टुकड़ा. मुझे लगा रेत है. मैंने बाथरूम के नल के नीचे धो दिया. फिर कपड़ों में आपका रुमाल मिला, गाँठ में राख लगी थी." तिनं नळीही खाली ठेवली. "मैंने पापा को नाली में बहा दिया."

म्हणूनच त्या आठवड्यात मोजा फाटला म्हणाली होती ती मले. फाटला नव्हता. त्याले हात लावणं तिच्यानं झालं नाही, म्हणून काढून ठेवला, अन् मोजा नाही म्हणून सारी घाण सरळ खाली बसत गेली. चार महिने मी माशांच्या गुवाशी बोलून राहिली होती, अन् भिंतीपलीकडे माझी पोट्टी हे एकटी गिळून बसली होती.

माझा हात उठला होता. खरं सांगते, मारायलेच उठला होता. मग मी तिले ओढून छातीशी धरलं. दोघी खूप रडलो. "तुझी नाही, माझी चूक आहे," मी म्हटलं. तिनं ऐकलं की नाही, माहीत नाही.

मग पंप बंद केला. नळी तिनं धरली, बादली मी. एकाच खणातला गाळ काढला, ते सांगायचे तसाच. मासा वाचला, पण ते नंतरचं. बादली मीच बाथरूममध्ये नेऊन ओतली. ओतताना नालीच्या जाळीकडे मले पाहवलं नाही. तिनं आपल्या कपाटातून, पुस्तकांमागून, मोजा आणून पाइपाले बांधला.

पंप चालू केला. पाणी खाली आलं अन् पाइपानं घसा खाकरला.

मी पोट्टीकडे पाहिलं नाही. ती माझ्या बाजूले, मोज्यावर हात ठेवून, हळूच म्हणाली, "हव पापा."