भिंतीवरून परतलेला आवाज

सुतळी बॉम्बच्या धुराचा वास यंदा आमच्या तेविसाव्या मजल्यापर्यंत आला, आणि जे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही ते आठवलं.

इथेच, नायगावात, आमची चाळ होती. दिवाळीच्या पहाटे माझा धाकटा भाऊ विनू गॅलरीत डोळे मिटून उभा राहायचा. बॉम्बचा आवाज आणि तोच समोरच्या गिरणीच्या भिंतीवरून परतणारा आवाज, यांच्यात किती फट पडली त्यावरून बॉम्ब भिंतीपासून किती पावलांवर फुटला ते सांगायचा. थोरला मी, पण बाबा कौतुक करायचे ते विनूच्या कानांचं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका वर्षी भायखळ्याचा मामा आला होता. बाबा मला म्हणाले, "जा, तू लाव. विनू सांगेल." मी मुद्दाम भिंतीला खेटून लावला.

"दोन्ही आवाज चिकटून आले," वरून विनू म्हणाला. "भिंतीपाशीच आहे."

धुरात कोणालाच काही दिसत नव्हतं. मी ओरडलो, "चूक. अलीकडे, चाळीच्या नळापाशी लावला होता."

"काय रे, आंघोळीचं तेल कानात गेलं वाटतं," मामा म्हणाला. बाबाही हसले. विनूने डोळे उघडले. मला जिंकल्यासारखं वाटलं. त्यानंतर तो कधीच डोळे मिटून उभा राहिला नाही.

आता ती भिंतही नाही. आवाज टॉवरांमध्ये आपटत फिरतो. फराळाला आलेल्या विनूला मी विचारलं, "हा कुठे फुटला असेल रे?"

चकली मोडत तो म्हणाला, "तू सांगशील तिथे, दादा."