उमरग्याचा हौद

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. माझा स्वतःचा पराक्रम आहे, आणि मी वीस वर्षं भाषा शिकवतोय!

मी मूळचा कळंबचा. उमरग्याच्या कॉलेजात मराठी शिकवायला आलो आणि महिन्याभरात प्राचार्यांनी सर्वसमावेशकता सल्लागार समितीचं अध्यक्षपद माझ्या गळ्यात घातलं. काम काय, तर कॉलेजात कुणाला परकं वाटत असेल तर त्याला विचारायचं आणि उपाय सुचवायचा. एवढंच ना? मी खुशीत होतो.

पहिलीच आली महादेवी. सीमेपलीकडच्या खेड्यातली, हॉस्टेलवर राहणारी. मान खाली. मी सावकाश, मायेनं विचारलं, बाळ, काही अडचण आहे का?

"हौद री," ती म्हणाली.

आता बघा, प्राध्यापकाला 'री' म्हणते! पण म्हटलं असू दे. हॉस्टेलात पाण्याची बोंब होतीच. मोठी अडचण आहे का, विचारलं.

"हौद री."

सुटली नाही तर कॉलेज सोडशील?

तिचे डोळे भरून आले. "हौद री."

मी थक्क! एका हौदापायी पोर शिक्षणावर पाणी सोडायला निघाली होती. इतिवृत्तात लिहिलं, 'विद्यार्थिनीची एकमेव मागणी: हौद.' प्राचार्यांपुढं असा कळवळून बोललो की त्यांनी आठवड्यात गवंडी लावला. कुदळ मारायच्या दिवशी नारळ महादेवीनंच फोडायचा, असंही मीच ठरवलं.

ती आली ती बॅग घेऊन. गावाकडं निघाली होती, कायमची.

अगं, हौद होतोय की, मी म्हणालो. तिनं बॅग दुसऱ्या हातात घेतली. मेसच्या शांतव्वा मावशी तिच्याशी कन्नडमध्ये दोन वाक्यं बोलल्या आणि तोंडाला पदर लावून खालीच बसल्या.

"सर, हौद री म्हंजी व्हय जी. पोरगी तुमाला व्हय व्हय म्हणत हुती."

अडचण आहे? व्हय. मोठी आहे? व्हय. कॉलेज सोडशील? व्हय! पोर जाते म्हणून सांगत होती आणि मी गवंडी शोधत होतो. तिथंच खड्डा खणून त्यात उतरावं आणि वर माती ओढून घ्यावी असं वाटलं.

मग महादेवी तुटक मराठीत म्हणाली, "सर, हौद नको. तास कळत न्हाय. बोललं तर पोरं हसतात."

दोन महिने! निम्मं कळत नसताना ही मुलगी रोज पहिल्या बाकावर बसत होती. मी असतो तर दुसऱ्याच दिवशी कळंबची एसटी धरली असती. खरं सांगतो, मी तिच्यापुढं लहान झालो. हात जोडून म्हटलं, थांब, आता चूक आमची आहे.

ती थांबली. तिला समितीतच घेतलं. पुढच्या बैठकीत अडचणी सांगायला आलेल्या मुलींपैकी एकीशी ती कन्नडमध्ये बोलली, दुसरीशी दखनी उर्दूत, तिसरीशी त्या मुलीच्या लमाणी तांड्याच्या बोलीत. मला वर्षात कळलं नसतं ते तिनं अर्ध्या तासात काढून घेतलं. मी आ वासून बघत होतो.

शेवटी तिनं भाषेची शिकवणी कुणाकुणाला लागेल त्याची यादी समितीपुढं ठेवली, स्वच्छ मराठी अक्षरात. पहिलं नाव माझं. पुढं शेरा होता, 'सरांना ऐकू येतं, पण कळत नाही.'

समितीनं तो शेरा एकमतानं मंजूर केला.