इतिहासाच्या पेपरातली चौदा मिनिटं

अकराची घंटा होऊन अर्धा तास उलटला होता आणि गेटबाहेरचं ते लेकरू अजून रडतच होतं.

पुसदच्या आमच्या उर्दू ज्युनिअर कॉलेजात बारावीचं सेंटर होतं. मी प्राचार्य, म्हणून केंद्रसंचालकही मीच. केंद्रसंचालक म्हणजे परीक्षेच्या तीन तासांपुरता इमारतीचा मालक, आणि काही चुकलं तर आरोपीही. पेपरचं सीलबंद पाकीट उघडण्यापासून उत्तरपत्रिका मोजून रवाना करेपर्यंत प्रत्येक कागदावर सही माझी.

गेटबाहेर कोणाचं तरी बाळ रडतं, यात विशेष काही नसतं. पेपरला आलेल्यांचे नातेवाईक समोरच्या कडुनिंबाखाली बसलेलेच असतात. मी दुर्लक्ष केलं. तेवढ्यात चार नंबर खोलीच्या सुपरवायझर वानखडे मॅडमचा निरोप आला. मी गेले.

"मॅडम, ते तिसऱ्या बेंचवरची पाहा," त्या हळूच म्हणाल्या. "अर्ध्या तासात चार ओळी नाही लिहिल्या तिनं. नुसती रडून राह्यली."

मुलगी बावीस-तेवीसची होती. हॉल तिकिटावर नाव निर्मला आडे. सतरा नंबरचा फॉर्म भरलेली, म्हणजे कॉलेजात न जाता घरी अभ्यास करून बाहेरून बसलेली. पेन हातात, नजर खिडकीकडे. तिनं पदर छातीशी घट्ट धरला होता आणि तो पुढून ओला झाला होता. मी तीन लेकरांची आई आहे. मला काही विचारावं लागलं नाही.

"बाहेर रडते ते तुझं आहे?"

तिनं मान हलवली. "दोन महिन्याची आहे, मॅडम. बाटली घेतच नाही ते. मी लिहितो, मले काही नाही." असं म्हणाली आणि पुन्हा खिडकीकडे पाहिलं.

गेटवर तिची सासू पोरीला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होती. तांड्यावरून सकाळच्या पहिल्या गाडीनं आल्या होत्या. मला पाहून ती घाबरली. तिला वाटलं, मी तिला तिथून हाकलायला आले.

"बाई, जातो मी दूर. लेकरू काही केल्या राह्यतच नाही. बाटली आणली तर थुकून टाकते." मग तिनं आवाज खाली केला. "आमच्या तांड्यावर अंगणवाडीच्या बाईची जागा निघणार हाय. बारावी पास पायजे म्हणते. म्हणून बसोलं तिले. नाहीतर बाळंतिणीले कोण आणते एवढ्या उन्हाचं?"

मी ऑफिसात परत आले. नियमांची पुस्तिका काढून चाळली. उमेदवाराला लघवीला जायचं असेल तर काय करायचं, ते होतं. चक्कर आली तर काय, तेही होतं. बाळाला पाजण्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

दुसऱ्या शाळेतून माझ्या मदतीला उपकेंद्रसंचालक म्हणून देशमुख सर आले होते. सरळ माणूस, कामाला चोख.

"नियमात नाही, मॅडम," ते म्हणाले.

"नाही म्हणूनही लिहिलेलं नाही, सर."

"अन् भरारी पथक आलं तर?" भरारी पथक म्हणजे न सांगता येऊन कॉपी पकडणारं तपासणी पथक. "दीड वर्ष राह्यलं तुमचं रिटायरमेंटले. कायले डोक्याले ताप करून घेता?"

ते चूक बोलत नव्हते. मी पुस्तिका मिटून ठेवली. रमजानचा महिना होता, रोजा होता, घसा कोरडा पडला होता. आणि मला अब्बांची आठवण झाली.

अब्बा मोहल्ल्यातल्या लहानशा मशिदीत पेश-इमाम होते, म्हणजे नमाज पढवणारे. पावसापाण्यात घरीच नमाज झाली तर पुढे ते उभे राहत, मागे आम्ही भावंडं, आणि सगळ्यांत मागे अम्मी. त्यांना कुरआनातल्या लांब सूरह, म्हणजे अध्याय, म्हणायला फार आवडे. पण पाळण्यातला माझा धाकटा भाऊ रडायला लागला की ते लहानशी सूरह घेत आणि नमाज आटोपती घेत. एकदा मी विचारलं, अल्लाहच्या पुढे उभं राहून घाई कशी करता? ते म्हणाले, खुद्द पैगंबरसाहेब असंच करत. मनात लांब नमाजचा इरादा असे, पण मागच्या रांगेत बाळ रडलं की ते नमाज थोडक्यात उरकत. त्या आईचा जीव कासावीस होत असेल, हे त्यांना उभ्या उभ्या कळे. "बेटी, ये भी सुन्नत है," अब्बा म्हणाले होते.

सुन्नत म्हणजे पैगंबरसाहेबांनी जसं केलं तसं आपण करणं. लोकांना दाढी दिसते, दात घासायची मिसवाकची काडी दिसते. मी बसून पाणी पिते, उजव्या हातानं जेवते, हे माझ्या सगळ्या स्टाफला ठाऊक आहे. ते सोपं आहे. त्यासाठी कोणी खुलासा मागत नाही.

पेपर आखूड करणं माझ्या हातात नव्हतं. पण मधे एक दार उघडणं होतं.

"सर, नोंदवही आणा," मी म्हणाले. "वानखडे मॅडमच्या जागी चार नंबरला रिलिव्हर पाठवा."

रिलिव्हर म्हणजे राखीव सुपरवायझर. मग एकेक गोष्ट केली. निर्मलाची उत्तरपत्रिका आणि प्रश्नपत्रिका तिच्याकडून घेऊन खोलीतल्या टेबलावर ठेवली. जिथपर्यंत लिहिलं होतं तिथं लाल पेनानं रेघ मारून मी सही केली. वानखडे मॅडमनी तिची झडती घेतली, सासूची घेतली, बाळाचीही घेतली. लायब्ररीच्या खोलीतली टेबलावरची पुस्तकं कपाटात टाकून कुलूप लावलं. नोंदवहीत वेळ लिहिली, अकरा बेचाळीस. आत तिघीच: आई, लेक आणि वानखडे मॅडम. सासूला दाराबाहेर स्टुलावर बसवलं. एका मिनिटात रडणं थांबलं. सगळा व्हरांडा एकदम शांत झाला.

आणि नेमकी त्याच वेळी गेटवर जीप आली.

पथकप्रमुख उंच, कमी बोलणारे गृहस्थ होते. सोबत एक बाई आणि दोन पुरुष. ते सरळ चार नंबरमध्ये गेले आणि रिकाम्या बेंचपाशी थांबले.

"हा उमेदवार कुठं आहे?"

"लायब्ररीत. बाळाला पाजते आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी थट्टाच करत होते. लायब्ररीपाशी आल्यावर पथकातल्या बाई आत गेल्या. वानखडे मॅडम बाहेर आल्या.

"झडती घेतली होती?" पथकप्रमुख साहेबांनी त्यांना विचारलं.

"घेतली, सर. तिघींची."

"तिघींची?"

"बाळाचीही. लंगोट सोडून पाहिला. ओला होता, तेवढंच सापडलं."

कोणी हसलं नाही. साहेब वर भिंतींकडे पाहत होते. "इथं कॅमेरा नाही."

"म्हणूनच ही खोली निवडली," मी म्हणाले. "कॅमेऱ्यासमोर कोणती बाई लेकराला पाजेल, साहेब?"

"परवानगी कोणाची?"

"माझी."

"वरून विचारलं होतं?"

"नाही. विचारत बसले असते तर उत्तर येईपर्यंत पेपर संपला असता."

त्यांनी डायरीत लिहिलं. "लेखी खुलासा द्या. मी रिपोर्ट करणार."

पथकातल्या बाई निर्मलाला घेऊन बाहेर आल्या. मी वेळ लिहिली, अकरा छप्पन्न. चौदा मिनिटं झाली होती. पुन्हा झडती झाली. बेंचवर बसताना तिनं हळूच विचारलं, "मॅडम, वेळ वाढून भेटन का?"

"नाही, बेटा. दोन दहाची घंटा म्हणजे घंटा. सगळ्यांना सारखी."

तिनं मान डोलावली आणि लिहायला लागली. तिची मान पुन्हा वर झाली ती पुरवणी मागायलाच. साहेब बराच वेळ दारात उभे राहून पाहत होते, मग जीपकडे गेले.

संध्याकाळी इफ्तारनंतर मी खुलासा लिहायला बसले. देशमुख सरांचा फोन आला.

"मॅडम, बाळाची तब्येत बिघडली होती असं लिहून टाका. कोण पाहाले येते?"

"बाळ आजारी नव्हतं, सर. भुकेलं होतं."

त्यावर ते म्हणाले, "मग साक्षीदार म्हणून माझीही सही घ्या. मी होतोच तिथं."

मी एक पान लिहिलं. त्यात अब्बा नव्हते, सुन्नत नव्हती. नुसत्या वेळा, झडती, कुलूप, लाल रेघ आणि दोन सह्या. पथकातल्या बाईंनी आत काय पाहिलं ते त्यांना विचारावं, असंही लिहिलं.

पुढचे काही आठवडे वाईट गेले. माझा गोपनीय अहवाल तीस वर्षं स्वच्छ होता. घरी कोणी विचारलं तर मी चिडत होते. मग बोर्डाचं पत्र आलं. खुलासा मान्य, मात्र यापुढे असा प्रसंग आल्यास आधी कळवावे. बस, एवढंच.

निकालाच्या दिवशी निर्मला सासूला घेऊन कॉलेजात आली. पास झाली होती, तिच्या सगळ्या विषयांत इतिहासातच जास्त मार्क. सासूनं पोरीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "बाई, हिच्या मायचा पेपर हिनंच सोडवून घेतला पाहा." मी तीस वर्षांत शेकडो पोरं पास होताना पाहिली. त्या दिवशी मात्र मी खुर्चीत जरा ताठ बसले, हे कबूल करते.

पुढच्या वर्षी, परीक्षेच्याच दिवसांत, मला एक फोन आला. पथकप्रमुख साहेबच होते.

"मॅडम, त्या नोंदीचा नमुना पाठवता का? बाभुळगावकडच्या एका सेंटरवर तसाच प्रसंग आहे. केंद्रसंचालक घाबरून राह्यले."

मी नोंदवहीच्या त्या पानाचा फोटो काढून पाठवला. सोबत लिहिलं, लायब्ररीचं कपाट आधी बंद करायला सांगा.

या नोकरीनं मला एवढं शिकवलं: चांगलं काम करायचं असेल तर परवानगीची वाट पाहू नये, पण आत जाण्याची वेळ आणि बाहेर येण्याची वेळ, दोन्ही लिहून ठेवाव्यात.