अलेप्पीच्या कालव्यावरची पिवळी छत्री

भुताखेतांच्या गोष्टींना हसणारा माणूस अशी विट्यात माझी ख्याती आहे. धंदाच तसा आहे... फोटो स्टुडिओ. दर लग्नसराईत कुणी ना कुणी मोबाईल नाचवत येतं, "ह्यात मागं कोन हुबं हाय बगा!" मी झूम करून दाखवतो. फ्लॅशची चमक असते, लेन्सवरची धूळ असते, नाहीतर मांडवाचा पडदा. चहा पाजतो आणि घरी पाठवतो. तेव्हा असला अनुभव मी लिहायला बसलोय, हे माझं मलाच खरं वाटत नाहीये. तरी लिहितो, कारण आता पोटात ठेववत नाही.

दिवाळीनंतर आम्ही तीन-चार दिवस केरळात अलेप्पीला गेलो होतो. मी, बायको मनीषा आणि माझे वडील, आबा. मनीषाचा भाऊ सचिन तिथं गलाईचं दुकान चालवतो. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या ह्या धंद्यात आमच्या भागातली पोरं देशभर पांगलीत. "दाजी, कॅमेरा घिऊन या एकदा, लय भारी गाव हाय," असं तो कधीपासून म्हणत होता. आणि गाव खरंच भारी! जुनं बंदराचं शहर. मधून कालवे, कालव्यांवर पूल, काठाला काथ्याची जुनी गोदामं. मी तर येडाच झालो.

आता आबांचं सांगतो. गेली काही वर्षं त्यांना आठवण दगा देते. सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नाही, पण जुनं रान, जुने बैल सगळं लख्ख. आमचा भाग दुष्काळी. कॅनॉलच्या पाण्याची वाट बघण्यात आबांची उमेद सरली. शेवटी पाणी आलं, तेही पाळीनं. पाळी सुटली की आबा खोरं घेऊन रानात, दारं धरायला... म्हणजे एकेका वाफ्यात पाणी वळवायला. पाळी चुकली तर पीक गेलं. त्यामुळं अलेप्पीतला काठोकाठ भरलेला कालवा बघून ते जागेवर थांबलेच.

"एवढं पानी चाललंय... आन् रान कुनाचं भिजतंय रं?"

आम्ही सगळे हसलो आणि विसरून गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच कॅमेरा घेऊन बाहेर पडलो. एका पुलावरून खाली पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या दिसल्या. शेवाळलेला दगड, मागं पडकं गोदाम, कोवळं ऊन. एक बाई कपडे धूत होती. मला पायऱ्या रिकाम्या हव्या होत्या, म्हणून तिचं आटपेपर्यंत थांबलो. ती गेल्यावर फोटो काढला. हे मुद्दाम सांगतोय — पायऱ्या रिकाम्या होत्या. त्या वेळी आबा सचिनच्या घरी बसून, आम्ही गावाकडून नेलेले बेकरीतले कडक बटर चहात बुडवून खात होते. मनीषा त्यांच्या समोरच होती.

दुपारी जेवून सगळे जरा आडवे झालो. जाग आली तर आबांची खाट रिकामी. दार उघडं. काठी नाही, चपला नाहीत.

"आवं, गल्लीत न्हाईत... मागल्या बाजूलाबी न्हाईत!" मनीषाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आबांना तिथली भाषा येत नाही, खिशात फोन नाही, सचिनचा पत्ता त्यांना सांगता यायचा नाही. आणि जिकडं जावं तिकडं पाणी! कुठं कुठं जलपर्णी इतकी दाट, की वरून हिरवं रानच वाटावं. आबांना पोहता येत नाही.

सचिन दुकान टाकून गाडी घेऊन आला. मनीषा घरी थांबली, आम्ही दोघं निघालो. तो मल्याळममध्ये दिसेल त्याला विचारत होता, मी मागं बसून प्रत्येक कालव्यात बघत होतो. काय शोधत होतो ते सांगवत नाही. उन्हं कलायला लागली. "दाजी, आबांचा एखादा फोटू काढा, लोकांना दावू," सचिन म्हणाला. आदल्या दिवशी काढलेला कॅमेऱ्यात होता. मी मागं मागं जायला लागलो, तर मध्ये सकाळच्या पायऱ्या आल्या.

पायरीवर कोणीतरी बसलेलं होतं.

झूम केलं... आबा! पाय पाण्यात, मांडीवर काठी, डोक्यावर एक काडी बाहेर आलेली पिवळी छत्री. आणि तोंड वर करून थेट माझ्याकडं बघत हसत होते.

"सचिन, ह्या पुलावर चल!"

"आवं, पन ह्यो कवा काढला?"

"सकाळी. चल म्हणतो ना!" मी खेकसलोच त्याच्यावर.

गाडी पुलावर थांबली. खाली बघितलं, तर त्याच पायरीवर आबा. पाय पाण्यात, मांडीवर काठी. तीच पिवळी छत्री, तीच बाहेर आलेली काडी.

मी कसा उतरलो, मला माहीत नाही. मला बघून आबांनी उलट दमच भरला. "किती येळ रं? पाळी सुटलीया, आन् मला वाफ्याचं दार घावंना. पान्यात उतरून बगनार हुतो, तवर तू वर पुलावर आलास. फोटू काढलास न्हवं माजा? म्हनलं पोरानं बगितलंय, आता येतंय न्यायाला. मग कशाला हलतोय मी!"

समोरच्या घरातली बाई धावत आली. सचिननं तिचं बोलणं सांगितलं. म्हातारा भर उन्हात आला, म्हणून तिनं आपली छत्री दिली. मग तो पाण्यात उतरायला लागला. ती ओरडली, त्याला कळेना. एकाएकी त्यानं पुलाकडं बघितलं, हसला, आणि मागं सरून बसला तो बसलाच.

"पुलावर कोण होतं?" मी विचारलं.

कुणीच नव्हतं म्हणे.

मी आबांना मिठी मारून तिथंच पायरीवर रडलो. लाज वाटली नाही. फोनवर मनीषा रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. त्या बाईला छत्री परत दिली आणि वाकून नमस्कार केला. रात्री सगळे पोटभर जेवलो.

तेव्हापासून डोकं लढवतोय. कॅमेऱ्याची वेळ चुकली म्हणावं, तर फोटोत पुलाची सावली सकाळची आहे आणि आबांची सावलीही त्याच बाजूला पडलीय. आबा सकाळीच गुपचूप गेले म्हणावं, तर मनीषा समोर होती, आणि छत्री तर दुपारची! आयुष्यभर लोकांना धूळ आणि फ्लॅश दाखवले. ह्या फोटोत मला दाखवायला काही सापडत नाही. आणि खरं सांगू? नाही सापडलं तरी चालेल.

फोटो फ्रेम करून घरात लावलाय. आबांना अलेप्पी आता आठवत नाही. सकाळचा चहा पिताना ते फोटोकडं बघतात.

"ह्यो म्हातारा कोन रं? पान्यात का बसवलाय त्येला? जा की, घिऊन ये."

"आणलाय, आबा. कवाच आणलाय घरी."

"मग बरं झालं," म्हणतात, आणि चहात बटर बुडवतात.