बिनसीटची मोटारसायकल

आमच्या घरात आजवर जेवढ्या गाड्या आल्या, त्या सगळ्यांना सीट होती.

हे मुद्दाम सांगतो, कारण त्या दिवसापासून माझी बायको, मुलगी, कॉलनीतले सगळे आणि सात रस्त्याजवळचे सीटवाले रफिकभाई, असे सगळे मला वेड्यात काढतात. मी विचारतो, मोटारसायकल म्हटल्यावर सीट असणारच असं धरून चालणं हा गुन्हा आहे का? खुर्ची विकत घेताना 'बसायची जागा आहे ना?' असं कोणी विचारतं का? मग!

माझी मुलगी केतकी पुण्याला नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी दगडांवरून मोटारसायकल चढवते. (हा खेळ आहे, त्याला ट्रायल्स म्हणतात. मीही आधी आजार समजलो होतो.) दोन वर्षं तिनं दुसऱ्यांच्या गाड्या मागून स्पर्धा केल्या. शेवटी बेंगळुरूच्या एका माणसाकडून जुनी टू-स्ट्रोक ट्रायल्सची गाडी घेतली. या गाडीवरची पहिलीच स्पर्धा नेमकी सोलापूरजवळच्या खडीच्या खाणीत होती, म्हणून गाडी ट्रान्सपोर्टनं थेट इथं मागवली. तिनं फोनवर बजावलं, "बाबा, गाडी सोडवून आणा, अंगणात उभी करा आणि हात लावू नका. मी शनिवारी संध्याकाळी येते. रविवारी सकाळी स्पर्धा."

या स्पर्धेत प्रत्येक स्पर्धकाला एक सोबती नेता येतो. तो गाडीजवळ उभा राहतो, त्याच्या गळ्यात ओळखपत्र असतं आणि बाकीचे प्रेक्षक दोरीच्या पलीकडे असतात. तो मान माझा होता! मी महिनाभर गावात सांगत सुटलो होतो. नवी टोपीसुद्धा आणली होती. केतकीनं या गाडीचे भरपूर व्हिडिओ पाठवले होते आणि त्यातल्या प्रत्येकाला मी अंगठा पाठवला होता. उघडून पाहिला एकही नव्हता. (मुलं पाठवतात ते सगळं पाहत बसलं तर अंगठे कधी पाठवायचे?)

शुक्रवारी ट्रान्सपोर्टच्या गोदामात गेलो. तिथल्या कारकुनानं गोणपाटात गुंडाळलेली वस्तू पुढे ढकलली. गोणपाट काढला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. दिवा नाही. हॉर्न नाही. मीटर नाही. आरसा नाही. पेट्रोलची टाकी शाळेतल्या पाण्याच्या बाटलीएवढी. आणि जिथं सीट असायला हवी, तिथं नुसतीच घसरगुंडी!

"सीट कुठंय?" मी गरजलो.

कारकून मोहोळकडचा, शांत माणूस. "आलं तसं दिलं की. सही करा हितं."

"अहो, गाडीची सीट चोरलीय तुमच्या लोकांनी! दिवा चोरला, आरसे चोरले, निम्मी टाकी कापून नेली!"

"टाकी कापून कोन न्हेतंय, काका?"

"मला काय विचारता? तुमच्या माणसांना विचारा!"

त्यानं पावती माझ्या नाकासमोर धरली. "वाचा की. मोटारसायकल, नग एक. सीट लिवलंय का कुटं? जे लिवलंच न्हाय, ते आमी कसं चोरणार?"

"मग बसायचं कशावर?"

"त्ये तुमी घरी जाऊन ठरवा. आमी गाड्या पोचवतो, बसवत न्हाय."

आजूबाजूचे हमाल हसले. मी सही केली, पण निषेधाची म्हणून वाकडी केली. (माझी नेहमीची सहीही तशीच आहे, हे त्याला माहीत नव्हतं.)

घरी आल्यावर बायको, म्हणजे सुलभा, गाडीभोवती फिरली. "अहो, केतकीला फोन करून विचारा तरी."

"तिला कशाला? पोरगी आधीच स्पर्धेच्या ताणात. सीट चोरीला गेली कळलं तर रडेल. उद्या ती येईपर्यंत नवी बसवून टाकतो!"

"तिनं हात लावू नका सांगितलंय."

"मी कुठं लावतोय? रफिकभाई लावतील."

आणि सीट हवीच होती. आमच्या घराण्याचा रिवाज आहे: नवी गाडी आली की पूजा होते आणि पहिली फेरी घरातल्या थोरल्या जोडप्यानं मारायची, मारुतीच्या देवळापर्यंत. माझ्या आजोबांनी आजीला सायकलच्या कॅरिअरवर बसवून मारली. वडिलांनी आईला स्कूटरवरून नेलं. घरात ट्रॅक्टर आला तेव्हा काकू मडगार्डवर बसल्या होत्या. आणि मी, सीट नाही म्हणून सुलभाला चालत पाठवू?

शनिवारी सकाळी गाडी टेंपोत घालून रफिकभाईंकडे नेली. सोलापुरातल्या निम्म्या स्कूटर या माणसानं शिवलेल्या सीटवर चालतात. त्यांनी चष्मा पुसला, गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाले, "साब, इसमें सीट की जगाच नै है."

"होती. चोरली."

"चोरी हुई तो नट के निशान रहते ना. निशान कां है?"

"चोर सफाईदार होता!"

"देखो साब, बनानेवाले ने कुछ सोच के बनाया रहेंगा. नक्को करो."

"रफिकभाई, माझी बायको पाचला पूजेचं ताट घेऊन उभी राहणार आहे. बनवणारा येणार आहे का तिला समजवायला?"

हा मुद्दा त्यांना पटला. (तेही विवाहित आहेत.) पण फ्रेमला भोक पाडायला त्यांनी साफ नकार दिला. "दुसरे की गाडी है. क्लॅम्प पे बिठाता मैं." दुपारी तीनपर्यंत सीट तयार झाली. काय सीट होती! मरून रेक्झिन, पांढरी किनार, दोघांना ऐसपैस, मागं धरायला दांडी आणि सुलभाच्या साडीसाठी बाजूला जाळीसुद्धा! गाडीपेक्षा सीट हातभर लांब झाली होती आणि मागं सज्जासारखी बाहेर आली होती. रफिकभाई कामावर खूश नव्हते. मी होतो.

पाच वाजता आमच्या कॉलनीच्या मोकळ्या मैदानात पूजा झाली. (देऊळ मैदानाच्या टोकालाच आहे, रस्त्यावर नेली नाही. नंबरप्लेट नसलेल्या गाडीवर बायकोसह पकडलं जाण्याचा रिवाज आमच्याकडे नाही.) पेट्रोलमध्ये ऑइल मी स्वतः मापानं मिसळलं. जुना स्कूटरवाला आहे मी! त्या दिवशी माझ्या हातून झालेलं हे एकमेव बरोबर काम. किक मारली. पहिल्या किकेला सुरू! निळा धूर, तोच ओळखीचा वास, आणि फुटाणे भाजल्यासारखा तडतड आवाज. माझं वय तीस वर्षांनी कमी झालं.

मी बसलो. सुलभा नवी इरकल नेसून, हातात निरांजनाचं ताट घेऊन माझ्यामागं बसली आणि लगेच म्हणाली, "अहो, पुढचं चाक वर का बघतंय?"

खरंच बघत होतं. आम्हा दोघांचं वजन (आकडा सांगणार नाही, पण गाडीच्या दुपटीहून जास्त) सगळं त्या सज्जावर होतं. पुढचं चाक जमिनीला जेमतेम टेकलं होतं.

"देवाकडे बघतंय," मी म्हणालो आणि क्लच सोडला.

इथं मला एक तक्रार नोंदवायची आहे. आपल्या नेहमीच्या गाडीत मूठ पिळली की गाडी थोडा विचार करते, मग निघते. मालकाला सावरायला वेळ देते. या गाडीत विचार नाहीच! मूठ नुसती हलली की गाडी निघालेली असते, आणि पुढे नव्हे, वर! पुढचं चाक आभाळात गेलं, मला मारुतीचं देऊळ दिसायचं बंद झालं आणि कळस दिसायला लागला. मागून आवाज आला, "अहोऽऽ!" आणि गाडी एकदम हलकी झाली.

सुलभा सीटवरून घसरून, आहे त्या पवित्र्यात, मैदानात बसली होती. पाय एका बाजूला, ताट हातात, निरांजन तेवतंय. ज्योत विझली नाही, हे मी आजही अभिमानानं सांगतो. ती अजून तो अभिमान बाळगायला तयार नाही.

"थांबाऽऽ!" ती ओरडली. मी ब्रेक दाबला. तिथंही तीच तऱ्हा! आपला ब्रेक जरा आर्जवं करावीत तेव्हा लागतो. हा एका बोटानं लागला. पुढचं चाक खाली आपटलं, मी टाकीवर गेलो, घाबरून मूठ पुन्हा पिळली गेली आणि गाडी निघाली ती थेट गणपतीच्या कट्ट्याकडे. मी पाय टेकले, उचलले, पुन्हा टेकले, एकदा गुडघाही टेकला. कट्ट्याला चार पायऱ्या आहेत. कुठलीही सभ्य गाडी पायऱ्या पाहून थांबते. हिचा तर जन्मच त्यासाठी! मी डोळे मिटले. टुक, टुक, टुक, टुक. डोळे उघडले तेव्हा मी कट्ट्यावर, बरोबर जिथं दरवर्षी मूर्ती बसते तिथं, गाडीसह सरळ बसलो होतो.

पूजेला जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकानं हात जोडले. मी संतापलो होतो, पण उतरता येत नव्हतं. गाडी सोडली तर गाडी पडणार, नाही सोडली तर दोघं!

तेवढ्यात गेटपाशी रिक्षा थांबली आणि हातात हेल्मेट घेऊन केतकी उतरली. तिनं जमिनीवरच्या आईकडे पाहिलं. कट्ट्यावरच्या बापाकडे पाहिलं. मग त्या मरून वस्तूकडे पाहिलं.

"बाबा, हे काय आहे?"

"सीट! तुझी चोरीला गेली होती, म्हणून मी..."

"या गाडीला सीट नसते! ती उभं राहून चालवतात!"

मला विलक्षण राग आला. "मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"बावीस व्हिडिओ पाठवले मी! तुम्ही बावीस अंगठे पाठवलेत!"

केतकी कट्ट्यावर चढली, गाडी धरली आणि मला उतरवलं. माझ्या मुठीत क्लचची दांडी वाकली होती, सज्जाखाली मागचं मडगार्ड तडकलं होतं. ती फ्रेमवर बोट फिरवत गेली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "बाबा, फ्रेमला भोक पाडलं असेल तर उद्या तपासणीतच बाद होईल. दोन वर्षं थांबले होते मी." माझा संताप वगैरे सगळा तिथंच गळाला. पण रफिकभाईंनी भोक पाडलं नव्हतं. नुसते क्लॅम्प होते. ते दहा मिनिटांत निघाले आणि मी मनातल्या मनात त्या माणसाच्या पाया पडलो. दांडीही तिनं पिशवीतून सुटी काढून बदलली.

मग ती गाडीवर उभी राहिली. तेव्हा मला ती गाडी पहिल्यांदा दिसली. केतकीचे गुडघे किंचित वाकलेले, एक बोट क्लचवर, एक बोट ब्रेकवर. गाडी जागच्या जागी स्थिर, पाय न टेकता! खाली गाडी डुलत होती आणि वर पोरगी हलत नव्हती. दोन बारीक उड्या मारून तिनं चाक वळवलं आणि कट्ट्याच्या कडेवरून, मांजर ओट्यावरून उतरतं तशी, आवाज न करता खाली आली. माझ्या हाताखाली जी उधळली होती, तीच गाडी तिचं बोट ऐकत होती. मला म्हणायचं होतं की दोष गाडीचा होता. पण समोर इतके साक्षीदार होते!

रविवारी सकाळी मी टोपी घालून तयार झालो. केतकी म्हणाली, "बाबा, सोबत्यानं गाडीला हात लावला तर मला दंड होतो. तुम्ही न लावता राहाल?" मी उत्तर देईपर्यंत सुलभा टोपी काढून घेऊन टेंपोत बसली होती.

दुपारी सुलभाचा फोन आला. केतकी तिसरी आली होती! मी घरात एकटाच नाचलो. मग सुलभानं नियम समजावले, अगदी पंचाच्या थाटात: इथं जो पाय टेकेल त्याला दंडाचा गुण, प्रत्येक टेकण्याला एक. ज्याचे कमी, तो जिंकला.

"मग काल माझे किती झाले असते?" मी हौसेनं विचारलं.

"पायांचे अकरा, गुडघ्याचा एक, असे मी मोजलेत," ती म्हणाली. "बायको टेकवल्याचे किती, ते मात्र यांच्या नियमात नाही. ते मी घरी आल्यावर ठरवते."

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. ठरवणं अजून चालू आहे, आणि आकडा रोज वाढतोच आहे.